मनोरुग्ण कक्षातली पहिली पाळी

संपादक महोदय,

मनोरुग्ण कक्षात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला आपण चाव्यांचा जुडगा देतो, औषधांचा तक्ता दाखवतो आणि ड्युटी लावतो. तिच्या मनाची तयारी झाली आहे का, हे कोणी विचारत नाही.

माझ्या नोकरीचे पहिलेच वर्ष होते. दारू बंद होऊन दोन दिवस झालेला एक रुग्ण थरथरत्या हातांनी चादरीवरचे, आपल्याला न दिसणारे किडे वेचत होता. हे दारू सुटतानाचे भास, हे मला तोंडपाठ होते. तो उठून धावला, मला घाणेरडी शिवी दिली. डॉक्टरांनी मनगटे बांधायला सांगितली, मी बांधली. मोठ्या सिस्टरने गाठीखाली बोट घालून पाहिले, बोट शिरेना. गाठ सैल करून तिने मला बाजूला घेतले आणि विचारले, ‘‘बाय, तुका कोणाचो राग आयला?’’

माझे वडील पीत असत.

शिक्षा म्हणून रुग्णाला बांधू नये, असे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. मी आदेशावरूनच बांधले होते, तरी ती गाठ शिक्षाच होती. चार दिवसांनी तो शुद्धीवर आला, माझ्याकडे पेज मागितली. त्याला काही आठवत नव्हते. मनगटावरचा वळ मात्र दिसत होता.

परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा गाभा, हे हिल्डेगार्ड पेपलाव या अमेरिकी परिचारिकेने १९५२ साली मांडले. आपल्या विद्यार्थिनीही रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून आणतात. त्या वह्या मी वर्षानुवर्षे तपासल्या. ‘मला काय वाटले’ या रकान्यात सगळ्यांना सहानुभूतीच वाटलेली असते. भीती, किळस, राग कोणालाच नाही? मार्क जातील म्हणून त्या लिहीत नाहीत. त्यात आपला गोवा लहान. समोरच्या खाटेवर आपल्याच वाड्यावरचा, जत्रेत भेटणारा माणूसही येतो.

माझे मागणे मोठे नाही. नव्या परिचारिकेला पहिले सहा महिने एकटीने रात्रपाळी लावू नये. आठवड्यातून एक तास अनुभवी सिस्टरपाशी बसून मोकळे बोलायला मिळावे, तेही ड्युटीच्या वेळेत. आणि तिथे बोललेले तिच्या गोपनीय अहवालात जाता कामा नये, नाहीतर तिथेही सगळ्यांना सहानुभूतीच वाटेल.

– एक निवृत्त परिचारिका, फोंडा