भुईआवळीचं उत्तर अजून यायचं आहे

मा. केंद्रीय आयुष मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत आमच्या परड्यात भुईआवळी वर येते. एरवी तण म्हणून ती उपटून टाकायची आणि वाडीत कुणाला कावीळ झाली की शोधत फिरायचं, हा कोकणातला जुना शिरस्ता. मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. दर पावसाळ्यात कुणीतरी मूठभर पाला घेऊन दारात उभा असायचा, "सर, ही तीच ना?" पुष्कळदा ती नसायची. तिची बहीण शोभावी अशी दुसरीच हातात असायची. फळ लालसर, खरखरीत आणि जवळजवळ देठाविना चिकटलेलं असेल तर ती वेगळी. खऱ्या भुईआवळीचं फळ हिरवं, गुळगुळीत आणि बारीक देठाला लोंबणारं. एवढं समजावून सांगितलं तरी माणूस म्हणायचा, "गुण आला म्हणजे झालं, सर."

आणि गुण यायचा! पावसाळ्यातली बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपली आपण उतरते. त्या दिवसांत जे पोटात गेलं असेल ते श्रेय घेऊन जातं. बी विषाणूचं तसं नाही. तो काहींच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढे यकृत निबर होतं किंवा त्यात कॅन्सर उद्भवतो. हे पत्र या दुसऱ्या काविळीबद्दल आहे.

१९८८ साली मद्रासच्या एस. पी. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापली. बी विषाणू अंगात बाळगणाऱ्या माणसांना महिनाभर भुईआवळीची वाळवलेली पूड दिली. पूड घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. सहलेखकांत बारूख ब्लमबर्ग होते, याच विषाणूच्या शोधाशी ज्यांचं १९७६ चं नोबेल जोडलेलं आहे. तो अंक वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी वर्ग सोडून पोरांना परड्यात नेलं होतं, हे कबूल करतो.

पुढे थायलंडमध्ये करून पाहिलं, तिथे काही हाती लागलं नाही. न्यूझीलंडमधल्या अशाच वाहकांवरही भुईआवळी चालली नाही. २०११ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र मांडून 'कॉक्रेन' या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने घेतलेल्या आढाव्याने सांगितलं की खोट्या गोळीपेक्षा ती सरस असल्याचा खात्रीचा पुरावा नाही. मद्रासचा पाला वेगळ्या रसायनांचा होता का? रोग्यांना लागण कोणत्या वयात झाली होती यावर काही अवलंबून होतं का? की पहिला आकडाच लहान गटातला योगायोग? प्रश्न आपल्या मातीतला आहे. आज मेडिकलमध्ये यकृताच्या कितीतरी बाटल्यांवर भुईआवळीचं नाव असतं. या प्रवासातली एक ओळही त्यांवर नसते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला बी विषाणूची लागण आहे. सरकारी कार्यक्रमातून (२०१८ पासून या गोळ्या फुकट मिळतात, हे चांगलं काम झालं) तो रोज टेनोफोव्हिर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी घेत होता. मग कुणीतरी त्याला सांगितलं की रसायन कशाला, आयुर्वेदात विषाणूवर औषध आहे. त्याने गोळी परस्पर बंद केली. ही गोळी अशी सोडली की विषाणू उसळी घेऊ शकतो. त्याचं तेच झालं, आणि महिनाभर तो दवाखान्यात पडून होता. सुदैवाने बचावला. त्याच्या घरी ताटलीत वाळत घातलेला पाला मी पाहिला. त्यात दोन जातींची सरमिसळ होती.

'विषाणूरोधक' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे, मंत्री महोदय. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर अर्क ओतला आणि विषाणू मेला, एवढ्यावर बातमी होते. बशीत साबणाच्या पाण्यानेही विषाणू मरतो. खरा प्रश्न असा की तो घटक पोटातून रक्तात जातो का, तिथे पुरेसा टिकतो का आणि आपल्या पेशींना न दुखवता काम करतो का. हळदीतलं कर्क्युमिन बशीत भल्याभल्यांना लोळवतं. पोटातून मात्र रक्तात जेमतेम पोचतं. आमच्या किनाऱ्यावरच्या उंडीचंच घ्या. तिचं तेल दिव्यात आणि होडीला लागतं, एवढंच आम्हाला ठाऊक. तिच्यातले इनोफिलम नावाचे घटक एचआयव्हीच्या एका महत्त्वाच्या विकराला अडवतात, हे १९९३ मध्ये छापून आलं. तिच्याच कुळातल्या, मलेशियातल्या सारावाकच्या झाडातून एचआयव्हीला अडवणारं कॅलॅनोलाइड मिळालं. संशोधक पुन्हा नमुना आणायला गेले तेव्हा ते मूळ झाड तोडलं गेलं होतं. दुसऱ्या झाडांवरून काम पुढे सरकलं, माणसांवर चाचण्याही झाल्या, पण औषध म्हणून ते अजून दुकानात आलेलं नाही.

याउलट २००९ च्या स्वाइन फ्लूत पुणं जिच्यामागे धावत होतं ती टॅमिफ्लू. तिची सुरुवात मसाल्यातल्या चक्रफुलातून काढलेल्या शिकिमिक आम्लापासून व्हायची. पण म्हणून काही चक्रफुलाचा काढा पिऊन फ्लू जात नाही. त्या आम्लावर रसायनशाळेत बऱ्याच पायऱ्यांचं काम व्हावं लागतं. (त्याच साली रुमालात कापूर-वेलची बांधून मीही फिरलो होतो. शेजाऱ्यांनी दिली, नाही कसं म्हणणार?)

आपल्याकडे हे नीट करता येत नाही असंही नाही. २०१५ च्या नियमांनी 'फायटोफार्मास्युटिकल' असा वेगळा वर्ग केला: अर्क शुद्ध आणि प्रमाणित हवा, त्यातले किमान चार घटक मोजलेले हवेत, आणि मग माणसांवर चाचणी. गावातली पोरं जिच्या पानांचा रस पाण्यात घोटून हिरवी जेली करतात, त्या वासनवेलीचा अर्क दिल्लीतल्या संशोधकांनी डेंगीवर तपासला आणि २०२० मध्ये कोविडवरच्या चाचणीला याच वाटेने परवानगी मिळाली. निकाल काहीही लागो, वाट सरळ आहे.

तुमच्या मंत्रालयाने मात्र तेव्हा घाई केली. कोविडकाळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांचं यकृत बिघडल्याची नोंद छापली, तेव्हा मंत्रालयाचं म्हणणं असं की वेल ओळखण्यात चूक झाली असावी. शंका रास्त होती. माझ्या दारातल्या मुठींवरून मी ती नाकारणार नाही. पण मग २०२२ मध्ये देशभरातल्या ४३ रुग्णांची मोठी नोंद आली आणि वापरलेल्या वेलीचे नमुने तपासलेले होते. तिथे ओळखीतल्या चुकीचं उत्तर पुरं पडत नाही.

मागणं मोठं नाही. मंत्रालयाच्या प्रत्येक पत्रकात विषाणूविरोधी दाव्यापुढे बशी, प्राणी की माणूस, हे त्याच ओळीत लिहावं. सरकारी पैशांतून होणाऱ्या प्रत्येक चाचणीत वापरलेल्या वनस्पतीचा दाबून वाळवलेला नमुना आणि तिच्या घटकांचं मोजमाप जपून ठेवावं. त्याशिवाय मद्रासची आणि न्यूझीलंडची भुईआवळी एकच होती का, हे कोण कसं सांगणार? आणि चाचणी फसली तरी निकाल छापावाच लागेल, अशी अट अनुदानाच्या पत्रातच घालावी.

भुईआवळीची मद्रासची चाचणी पुन्हा एकदा, मोठ्या गटावर आणि टेनोफोव्हिर चालू ठेवून करावी. 'नाही' हे उत्तर आलं तर तेही बाटलीवर छापावं. नमुने हवे असतील तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाला तरी इकडे पाठवा. परडं दाखवीन, दोन्ही जाती.

आपला,
वनस्पतीशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
रत्नागिरी जिल्हा