जामीन मिळाला, जामीनदार मिळेना

प्रिय पंत,

उत्तराला उशीर झाला. कामाचं ओझं हे कारण लिहिणार होते, पण ते तू मान्य करणार नाहीस. खरं कारण हे की नोकरीच्या प्रस्तावासोबत आलेला तुझा प्रश्न मला झोंबला. ‘अजून किती दिवस ही फुकटातली वकिली?’ आधी एक दुरुस्ती कर. वकिली फुकट असते ती पक्षकाराला, मला दरमहा मानधन मिळतं. ते तुझ्या कंपनीतल्या नव्या पोरापेक्षा कमी असेल, तो भाग वेगळा. २०२२ च्या योजनेतून आमची लोक अभिरक्षक कार्यालयं निघाली, वकील न परवडणाऱ्या आरोपींचा मोफत बचाव करणारी. आम्ही पूर्णवेळ, फक्त फौजदारी बचाव आणि खासगी केस घ्यायची नाही. करार दोन वर्षांचा, पुढचं पुढे. माझा करार आता संपत आलाय हे तुला नेमकं कुणी सांगितलं तेही मला माहीत आहे, तिला नंतर बघते.

तर ऐक. सकाळी अकराच्या आत मी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात असते, कारण पोलिसांनी पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत तिथे हजर करायचं असतं. तो बाकावर बसलेला असतो, शेजारी हवालदार, आणि पायात बहुतेक वेळा चप्पल नसते. माझ्याकडे त्याच्याशी बोलायला पुकारा होईपर्यंतचा वेळ. त्यात नाव, वय, घरी कुणाला कळवलंय का, मारलंय का आणि अटकेचं कारण सांगितलंय का, एवढं काढून घ्यायचं. मारल्याचं तो हवालदारासमोर सांगणार नाही हे मला ठाऊक असतं, म्हणून हवालदाराला जरा पलीकडे जायला सांगते. काही जातात. काही ‘साहेबांचा आदेश नाही’ म्हणतात, मग आवाज चढवावा लागतो. कॉलेजात वादविवाद स्पर्धेत तू मला ‘कर्णा’ म्हणायचास ना, तो कर्णा आता इथे कामी येतो.

दुपारी सत्र न्यायालय. पुरावा लागलेला असला तर उलटतपास, नाहीतर पुढची तारीख. साक्षीदार गैरहजर, पंच फितूर, मुद्देमाल आणलेला नाही, आरोपीला जेलमधून आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त चिडवतं. आरोपी सरकारच्या ताब्यात, पोलीस सरकारचे, गाडी सरकारची आणि तरी तो पोचत नाही. मग पडद्यावर दोन मिनिटं त्याचा चेहरा दिसतो, आवाज येत नाही, आणि तारीख पडते.

आठवड्यातून एकदा जेल. तिथली गंमत अशी की तिथे माझ्यावर कुणाचा विश्वास नसतो. ‘मॅडम, तुम्ही सरकारच्या ना? मग केस तर सरकारनेच घातलीय.’ याला काय उत्तर देणार? मी राज्यघटनेतला मोफत कायदेशीर मदतीचा अनुच्छेद ३९-अ सांगत बसत नाही. म्हणते, ‘पगार सरकारचा, काम तुझं, पटलं तर सही कर.’ बहुतेक करतात. तरीही ऐन पुराव्याच्या वेळी कुणाची तरी आई मंगळसूत्र मोडून खासगी वकील लावते, आणि ते वकीलसाहेब माझ्याकडे ना-हरकतीची सही मागायला येतात. मी देते. पक्षकाराचा तो हक्क आहे. पण त्या माउलीला दिलेली फी आणि त्यानंतर झालेलं काम यांचा हिशेब मी मनात करते, हेही तुला सांगून टाकते. फुकट मिळतं ते हलकंच असणार, ही समजूत मोडायला एक पिढी लागेल. त्यात आमच्याच काही माणसांनी पूर्वी नुसत्या हजेऱ्या लावून ती समजूत पक्की केलीय. तो राग वेगळाच.

पण पंत, मला खरोखर छळतं ते हरलेलं प्रकरण नाही. छळतो तो जिंकलेला जामीन.

एक उदाहरण देते. तपशील थोडे फिरवलेत. मजूर माणूस, मोटारसायकल चोरीचा आरोप. जामीन अर्ज टाकला, युक्तिवाद केला, मंजूर झाला. तो जेलमध्ये आणि मी ऑफिसात, दोघंही खूश. आदेशात अट होती जातमुचलका, म्हणजे ठरलेल्या रकमेची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आता सक्षम म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा किंवा घरपट्टी आहे असा. तो माणूस वीटभट्टीवरून ऊसतोडीवर आणि तिथून बांधकामावर फिरणारा. त्याच्या सगळ्या नातेवाइकांना मिळून एक सातबारा नाही. ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, उद्या हा पळाला तर मी भरू का? त्यातून एक चुलता तयार झाला, तर त्याला तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणायला सांगितलं. तो दोन दिवस मजुरी बुडवून गेला, तिसऱ्या दिवशी आलाच नाही. त्याला दोष देववत नाही.

हा तिढा नवा असता तर मी समजू शकले असते. १९७८ साली मोतीरामचा निकाल लागला, तू तो परीक्षेत लिहिला होतास. मध्य प्रदेशातला गवंडी, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिलेला, तरी खाली दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते खोडून काढलं. तेव्हा आपण दोघं जन्मालाही आलो नव्हतो. मग २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने जेलला पाठवा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करता येते का ते कोर्टाने आपणहून बघायचं. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका अडत असेल तर ती अट घालू नये, हेही त्यात आहे. मी ते निर्देश छापून फाइलला लावते, खाली पेन्सिलने रेघ मारते आणि अट शिथिल करण्याचा अर्ज देते. अर्जावर सरकारी पक्षाचं म्हणणं मागवलं जातं. म्हणणं यायला तारीख. शेवटी त्या मजुराला नुसत्या जातमुचलक्यावर सोडलं. जामीन मंजूर झाल्यापासून तोवर तो जितका आत होता, तितका जामीन मंजूर होण्याआधीही नव्हता.

आणि हा एकटा नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही असे. तुम्ही लोक नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेवर परिसंवाद घेता, तिथे कलम ४७९ चं फार कौतुक होतं. पहिल्यांदाच आरोपी झालेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला सोडायचं, इतरांना निम्म्यावर. कौतुक योग्यच आहे. पण खालचं पोटकलम कुणी वाचून दाखवत नाही. एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर हा लाभ नाही. आता मोटारसायकल चोरीत पकडलेल्या पोरावर एकच गुन्हा राहतो का रे? एकदा ताब्यात आला की आजूबाजूच्या ठाण्यांतले न उलगडलेले गुन्हे त्याच्याच नावावर चढतात. चोरीला तीन वर्षं कमाल, त्याचा तिसरा हिस्सा वर्षभर, हे गणित त्याला तोंडपाठ असतं. मला जेलमध्ये येऊन विचारतो, ‘मॅडम, माझं वर्ष भरलं ना?’ त्याला पोटकलम दोन समजावून सांगणं ही माझ्या कामातली सगळ्यात नकोशी गोष्ट आहे.

असो. तू विचारलंस की डोंगर सुटले का. नाही सुटले, पण जाण्याची रीत बदललीय.

जुलै-ऑगस्टचे रविवार मी सोडून दिले. धबधब्याखाली स्पीकर लावून नाचणाऱ्यांशी भांडायचं तर त्यापेक्षा कोर्ट बरं, तिथे निदान न्यायाधीश असतो. मी जाते ती सप्टेंबरच्या शेवटी, सोनकी आणि तेरडा फुलला की. यंदा पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर गेले. नळीच्या वाटेचं नाव काढू नकोस, माझे गुडघे आता तुझ्या आठवणीतले राहिले नाहीत. पहाटे कोकणकड्यावर खाली ढग भरलेला, पाठीमागून ऊन आलं आणि इंद्रवज्र दिसलं. ढगावर आपली सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ. गंमत म्हणजे प्रत्येकाला वर्तुळ दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. आमच्यातला एक सरकारी वकील आहे, तो हट्टाने म्हणत होता की ते त्याच्याच डोक्याभोवती होतं. मी हरकत नोंदवली.

लोक म्हणतात, डोंगरात गेलं की डोकं रिकामं होतं. माझं होत नाही, आणि व्हावं असंही आता वाटत नाही. चढण लागली, श्वास लयीत आला की मला उलटतपासाचे प्रश्न सुचतात. मे महिन्यातलंच बघ. कोर्टाला उन्हाळी सुट्टी, तरी रिमांड चालूच, म्हणून आमच्या पाळ्या. माझी पाळी संपली तशी भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला गेले. पाऊस यायच्या आधीचे ते थोडे दिवस, हिरड्या-बेहड्याची झाडं अशी लुकलुकत असतात की पूर्ण झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं. उडत चमकतात ते नर, माद्या खालून, गवतातून उत्तर देतात. मधेच एखादी गाडी दिवे लावून येते आणि ते संभाषण तुटतं. मी टॉर्चला लाल कागद बांधून गेले होते, पण बंदच ठेवावी लागली. आणि झाडाखाली उभी असताना लक्षात आलं की हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या मैत्रिणीचा चेहरा मला दिसत नाहीये. नुसता आकार. उंची सांगता आली असती, नाक-डोळे नाही.

माझ्या एका दरोड्याच्या केसमधल्या साक्षीदाराने आरोपीला आंब्याखाली, रात्री, पंधरा फुटांवरून ओळखलं होतं. घरी आल्यावर पंचांग काढलं. कृष्ण पक्षातली दशमी. चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवणार, घटना साडेदहाची. उलटतपासात हळूहळू विचारत गेले. गावात लाइट होती का? नव्हती. झाड दाट होतं का? होतं. चंद्राचं विचारल्यावर तो म्हणाला, माझ्या हातात बॅटरी होती. पोलिसांना दिलेल्या जबाबात बॅटरीचा उल्लेख नाही, हे मी रेकॉर्डवर आणलं. पुढे काय होईल ते माहीत नाही, अजून तपासी अंमलदाराची साक्ष व्हायची आहे आणि त्याची दोनदा बदली झालीय. पण तो दिवस मजेत गेला, हे कबूल.

हिवाळ्यात मात्र मी चढायला जात नाही, भीगवणला जाते. उजनी धरणाच्या फुगवट्यात पक्षी बघायला सकाळी होडीत बसायचं. रोहित असतात, चोच उलटी करून चिखल गाळत बसलेले. नदीसुरय असतात. पट्टकादंब असतात, हिमालय ओलांडून आलेले, आणि किनाऱ्यावर गाई चरतात तसे चरतात. नावाडी मामांना माझं काम माहीत आहे. गेल्या खेपेला त्यांनी पुतण्याचं पोटगीचं प्रकरण होडीतच काढलं. मी फक्त फौजदारी बघते, म्हणून पुतण्याच्या बायकोला प्राधिकरणाच्या ऑफिसात पाठवा म्हटलं. बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. मामा म्हणाले, ‘बायकोला? मी पुतण्यासाठी विचारत होतो.’ पुढचा अर्धा तास त्यांनी मला एकही पक्षी दाखवला नाही.

तर तुझ्या नोकरीच्या प्रस्तावाला उत्तर: नको. पुढच्या मुदतीसाठी अर्ज करतेय. तू म्हणशील, एवढं रडगाणं गायलीस आणि वर पुन्हा तेच. त्याला माझ्याकडे भारदस्त कारण नाही. त्या मजुराचा अर्ज कसा लिहायचा हे आता मला येतं, पहिल्या दिवशीच, महिना न घालवता. जामिनाच्या सुनावणीतच सांगते की याच्याकडे जामीनदार नाही, जातमुचलक्यावर सोडा किंवा थोडी रोख रक्कम भरून घ्या. काही न्यायाधीश ऐकतात. एवढं शिकल्यावर जागा नव्या माणसाला देऊन त्याला परत पहिल्यापासून शिकू द्यायचं, हे मला पटत नाही. पुन्हा निवड झाली नाही तर तुझ्याकडे येईन, तेव्हा जागा नाही म्हणू नकोस.

आणि तुझ्याकडून एक काम हवंय. तुमच्या ऑफिसात उन्हाळ्यात इंटर्न मुलं येतात, त्यातली दोन मराठी नीट वाचता-लिहिता येणारी मला महिनाभर दे. कोर्टाने जामीन दिलाय पण माणूस आतच आहे अशांची यादी जेलकडून घेऊन, प्रत्येकाचा आदेश काढून, कुठे काय अडलंय ते लिहून काढायचं आहे. आम्हाला ते जमतं, पण रिमांड आणि पुराव्यातून वेळ उरत नाही. सर्टिफिकेट देऊ, चहा देऊ, शिव्या खायला लागतील हेही सांगून ठेव.

भीगवणला जानेवारीत यायचं ठरव. दुसरा किंवा चौथाच शनिवार, बाकीच्या शनिवारी कोर्ट असतं. तुझी ती जुनी दुर्बीण आण, माझीची एक काच धूसर झालीय. आणि वहिनींना म्हणावं, या वेळी पंतांना पहाटे पाचला उठवायची जबाबदारी त्यांची.

तुझी,
शेवटच्या बाकावरची भांडखोर