सहा जूनची तारीख आणि ज्येष्ठातला चंद्र

हर्णै,
ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

प्रिय सदा,

पत्र मिळालं. शाळेच्या फलकासाठी ६ जूनच्या घटना जमवतोयस, हे वाचून बरं वाटलं. १६७४ ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक आणि १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याची चढाई. "एकाच दिवशी, २७० वर्षांच्या अंतराने," असं तू लिहिलंस. ते वाक्य मात्र फलकावर तसंच घालू नकोस.

राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची, तेव्हा इंग्रज तेच वापरत. मुंबईहून आलेला त्यांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडन त्या दिवशी दरबारात हजर होता. सिंहासनाच्या बाजूंना भाल्यांच्या टोकांवर सोन्याची माशांची मुंडकी आणि सोन्याचा तराजू त्याने पाहिला. दारात उभे हत्ती या कड्यावर चढवले कसे, याचं त्याला नवल वाटलं. (मला आजही वाटतं.) इंग्रजांनी आजचं नवं, ग्रेगोरियन पंचांग घेतलं ते १७५२ मध्ये. आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जून येतो. गडावर मात्र तिथी धरली होती : ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६.

आता नॉर्मंडीकडे बघ. तिथला दिवसही चंद्रानेच ठरवला. छत्रीधारी सैनिकांना रात्री उतरायला चांदणं हवं होतं, आणि नौदलाला पहाटे सुकती, म्हणजे ओहोटी. जर्मन सेनापती रोमेलने वाळूत सुरुंग बांधलेले खांब रोवले होते, भरतीच्या पाण्याखाली ते दिसलेच नसते. दोन्ही गोष्टी पौर्णिमेच्या आसपासच जुळत होत्या. ठरला होता ५ जून, पण वादळामुळे दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरने एक दिवस थांबायचं ठरवलं. अशा हवेत कोण येतंय, म्हणून रोमेल बायकोच्या वाढदिवसाला घरी गेला होता! ६ जूनला दीड लाखाहून जास्त सैनिक नॉर्मंडीत उतरले. सुकतीचा पुढचा योग दोन आठवड्यांनी होता, आणि तेव्हा इतकं मोठं वादळ झालं की दोस्तांनी उभारलेलं एक तात्पुरतं बंदरच मोडून पडलं.

ती ६ जून म्हणजे आपली ज्येष्ठ पौर्णिमा, बायका वडाला सूत गुंडाळतात ती. सदा, हे कळलं तेव्हा मी पंचांग मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसलो. तारीख जुळते ती नुसती आकड्यात. पण ज्येष्ठाचा शुक्ल पक्ष दोन्हीकडे तोच, त्रयोदशी आणि पौर्णिमा, मध्ये दोनच दिवस. आपल्या बंदरावरच्या कुणालाही विचार, अष्टमीला भांग (पाण्याचा चढ-उतार कमी) आणि पौर्णिमेला उधाण (चढ-उतार जास्त) हे तो तिथीवरूनच सांगेल. पौर्णिमेला आपल्याकडेही सकाळी सुकती आणि दुपारी भरती.

तेव्हा फलकावर तारखेखाली तिथी लिही, आणि पोरांना दोन्ही पंचांगं शेजारी ठेवून दाखव. सातवीतल्यांना सहज कळेल. होड्या ओढून शाकारल्यात, मासेमारी बंद आहे, त्यामुळे मला सवड आहे. त्रयोदशीला रायगडावर जाणार आहे. येणार असशील तर आधी कळव, महाडला थांबेन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू