तसला म्हंजे कसला

पम्या लेका,

फोन उचलंना म्हणून शिव्या घातल्यास ना, आता हे वाच. शनिवार-रविवार म्हैसमाळला होतो. घरी सांगितलं कॉम्प्युटरचं ट्रेनिंग हाय, आईनं डब्यात धपाटे बांधून दिले, आन तिथं आम्ही वीस-बावीस पोरं-पोरी, बीड, परभणी, हिंगोली कुठून कुठून आलेले, सगळे आपल्यातले, म्हंजे माझ्यातले. आपापल्या गावात एलजीबीटीक्यूबद्दल बोलायचं कसं, त्याचं शिबिर.

पहिल्या दिवशी कायदा. समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा कलम 377 चा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा, ते तुला पाठ असंल, त्याच रात्री होस्टेलच्या गच्चीवर तुला सांगितलं होतं. लग्नाला मात्र सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2023 मध्ये नाही म्हणलं, ते संसदेनं बघावं म्हणे. बीडकडच्या एका पोराला घरच्यांनी डॉक्टरकडं नेलं होतं 'नीट' करायला, सहा महिने गोळ्या खाल्ल्या बिचाऱ्यानं. मेडिकल कमिशननं 2022 लाच असल्या उपचाराला गैरवर्तन ठरवलंय, हे ऐकल्यावर तो जरा वेळ गप बसला आन म्हणाला, मग फी परत मिळती का? हसावं का रडावं कळंना, हसलोच सगळे.

रात्री हुर्डा. अजून कोवळाच होता, आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजायची आन गरमगरम हातावर चोळायची, तळहात काळेशार. तिथं ताईनं (नांदेडची हाय, स्वतः ट्रान्स, तोंडाची लई फटकळ) एक खेळ काढला. आईला सांगायचंय, पाच वाक्यांत, इंग्रजी शब्द एकपण चालणार नाही. दिवसभर फाडफाड जेंडर-सेक्शुअ‍ॅलिटी बोलणारे आम्ही एकदम चिडीचूप. गे नाही, पार्टनर नाही, तर म्हणायचं काय? हिंगोलीचा पोरगा म्हणे, समलिंगी म्हणलं तर माय विचारंल, ज्योतिर्लिंग तर औंढ्याला हाय, हे कुठलं नवीन? गावात आपल्यासाठी शब्द काय कमी हायेत का, पण सगळ्या शिव्याच, बायल्या, छक्का. एक पोरगी म्हणाली, आई, तू बाबाकडं जशी बघतीस तशी मी एका पोरीकडं बघते. ताई लगेच, आईनं बाबाकडं तसं कधी बघितलंय का पण?

माझा नंबर आला तर मला आपली गच्चीच आठवली, मी तुला 'मी तसला हाय' म्हणलो आन तू, तसला म्हंजे कसला, दारू प्यायलास का? इथं तर एकच वाक्य निघालं, आई मला पोरीसंगं लग्न करायचं नाही, पुढं घसाच बसला. धूर डोळ्यात गेला म्हणून उठलो.

आता येळवस येतीय, शेतातल्या पूजा-जेवणाची अवस. तू शेतात येणारच हायेस. जेवणं झाल्यावर सगळे आडवे होतेत, आई एकटीच कोपीपाशी भांडी आवरत असती, तेव्हा सांगायचा विचार हाय. शब्द अजून सापडला नाही. तू काय बोलू नको, नुसता बाजूला बस. आन आंबील जास्त ढोसू नको, गेल्या साली दुपारीच घोरायलास.

तुझाच,
तसला