क्रूझचे दर : शेवटच्या आठवड्याची वाट नागपूरकरांनी पाहू नये

मा. संपादक,
स. न.

सुट्यांच्या जाहिराती सुरू झाल्या की 'थांबा, क्रूझ सुटण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात निम्म्या दरात मिळते' हा सल्ला शहरभर फिरू लागतो. मुंबई किंवा सिंगापुरात राहणाऱ्या, मुलांच्या शाळेचे बंधन नसलेल्या जोडप्याला तो एखादे वेळी लागू पडेलही. बंदरापासून आठशेहून अधिक किलोमीटरवर राहणाऱ्या नागपूरच्या चौकोनी कुटुंबाला मात्र तो महागात पडतो.

मोठ्या जहाज कंपन्या दीड-दोन वर्षे आधी विक्री सुरू करतात. पुढे दर एकाच दिशेने जात नाहीत. केबिन भरतील तसे खाली-वर होतात. खरा वळणबिंदू म्हणजे अंतिम भरण्याची, म्हणजे उरलेली सगळी रक्कम भरण्याची, तारीख. ती लांबच्या सफरींसाठी बहुधा 90 दिवस आधी असते, काही कंपन्यांकडे 75, काहींकडे 120. नुसते डिपॉझिट भरून ठेवलेले बरेच लोक याच सुमारास माघार घेतात, त्यांच्या केबिन पुन्हा विक्रीला येतात आणि दर उतरतात. स्वस्ताईचा बोलबाला होतो तो याच केबिनचा.

पण तोवर तीन-चार जणांच्या केबिन बहुतेक संपलेल्या असतात, कारण त्या मुळातच कमी. शिवाय जीवरक्षक नौकांच्या क्षमतेची मर्यादा असते. त्यामुळे केबिन रिकामी दिसत असूनही तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे बुकिंग नाकारले जाऊ शकते. दोघांसाठी दिसलेला दर चौघांसाठी मिळेल, हे गृहीत धरू नये.

म्हणून आठ-दहा महिने आधी परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर बुकिंग करावे. परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचा दर थोडा कमी दिसतो, पण तो घेतला की हात बांधले जातात. रद्द केल्यास कंपनी किती कापणार आणि एजंट स्वतःचे किती कापणार, हे दोन्ही आकडे लेखी घ्यावेत. वाद बहुतेक दुसऱ्या आकड्यावरून होतात. मग दर आठवड्याला त्याच सफरीचा, त्याच प्रकारच्या केबिनचा दर पाहावा. उतरला असेल तर अंतिम भरण्याआधीच नवा दर लावून मागावा. अनेक कंपन्या तो देतात, मात्र आपणहून कळवत नाहीत. त्या तारखेनंतर फार तर जहाजावर खर्चायची काही रक्कम पदरात पडते.

जानेवारी ते मार्च हा या धंद्यातला ऑफरचा हंगाम. तेव्हाही 'दुसऱ्या प्रवाशाला निम्मा दर' अशा ओळीवर न जाता एकूण बेरीज पाहावी. छापलेला दर एका केबिनमधील दोघांपैकी एकाचा असतो. एकट्याने गेल्यास जवळपास दुप्पट पडतो. बंदर शुल्क आणि कर वेगळे. अनेक परदेशी जहाजांवर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची टिप, माणशी, दिवसाला 16 ते 20 डॉलर लागते. चौघांच्या चार रात्रींच्या सफरीत एवढेच अडीचशे डॉलरपुढे जाते.

सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांसाठी आणखी एक. तिथल्या शाळांना मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत सुटी असते, तेव्हा स्थानिक कुटुंबांचीही गर्दी होते. मेचे पहिले तीन आठवडे तुलनेने बरे. मलेशियाला जाऊन जहाज सिंगापुरात परत येते, म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तपासावे. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासाला पंधरा दिवसांहून कमी उरले असताना केला, तर उशीर झालेला असतो. शेवटच्या आठवड्यातली स्वस्त केबिन इथेच निरुपयोगी ठरते.

मुंबईहून निघायचे असेल, तर रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, त्याच सकाळी ते करावे. बंदरावर आदल्या दिवशी पोहोचावे. चेक-इन सुटण्याच्या वेळेआधीच बंद होते आणि गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती. क्रूझची जाहिरात घेताना कर आणि ग्रॅच्युइटीसह चौघांची एकूण रक्कम आणि अंतिम भरण्याची तारीख छापण्याचा आग्रह धरावा. या दोन ओळी असल्या, तर वाचकाला निर्णय घरबसल्या घेता येईल.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर