वाडा धोकादायक ठरवण्याआधी तुळईची टोकं तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांना धोकादायक इमारतीच्या नोटिसा लागू लागतात. माणसांचा जीव पहिला, याबद्दल दुमत नाही. पण भिंतीची भेग आणि छताचा झोल एवढंच बघून निकाल दिला जातो, तो मला पटत नाही. सगळा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, पेलणाऱ्या तुळईला, त्या जाड आडव्या लाकडाला, कुणी हातही लावत नाही.

आमच्या माजघरावरची सागवानी तुळई मधोमध दोन बोटं लवली आहे. ती गेली, आता वरचा मजला उतरवा, असं आम्हाला सांगण्यात आलं. मन मानेना, म्हणून ओळखीच्या एका वयस्क सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी शिडीवर चढून मधल्या भागावर हातोडी वाजवली. आवाज खणखणीत आला. मग भिंतीत शिरलेल्या टोकाशी पटाशी लावली, तर पातं सगळंच्या सगळं आत गेलं आणि ओलसर काळा भुसा त्यांच्या तळहातावर आला. "लवलंय तिथं काही नाही, दुखणं इथं आहे," ते म्हणाले.

कारण आमच्याच हातून घडलेलं होतं. त्या भिंतीचा चुन्याचा गिलावा काढून आम्ही सिमेंटचा केला, पलीकडे न्हाणीघर. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकाकडून. नेमकं तेच कायम ओलीत राहिलं.

वर्षानुवर्षं भार वाहून लाकूड थोडं लवतंच. लांबीच्या दिशेनं पडलेल्या भेगाही बहुधा वाळतानाच्या असतात. भ्यायचं ते तुळईच्या खालच्या अंगाला आडव्या गेलेल्या तड्याला, कारण सगळा ताण तिथं असतो. वायरिंगच्या पाइपासाठी तिथंच खाच मारतात, हे बघून जीव तुटतो. आठ इंच उंच तुळईत एक इंचाची खाच मारली, तर त्या जागची जवळपास पाव ताकद जाते. वरून कोबा आणि फरशी! दहा बाय दहाच्या खोलीत नुसता एक इंच काँक्रीटचा कोबा साडेपाचशे किलो भरतो.

आमच्याकडे खाली टेकू देऊन तुळईचा कुजका दीड फूट कापला, जुन्या सागाचा तुकडा सांधून बोल्ट आवळले. टोकाखाली दगड बसवला आणि भोवती हवा खेळायला बोटभर फट ठेवली. वरचा मजला आजही वापरात आहे.

सगळेच वाडे असे वाचणार नाहीत, हे मी जाणतो. पण पाहणीला येणाऱ्या अभियंत्याबरोबर एक जाणता सुतार असावा, प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं टोचून बघावीत आणि काय आढळलं ते नोटिशीत लिहावं, अशी महापालिकेला माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे