ओठांवर लिंबू चोळू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

थंडी पडली की ‘गुलाबी ओठांसाठी घरगुती उपाय’ असा मजकूर पुरवण्यांतून ठरल्यासारखा येतो. आपल्या पुरवणीतही तो नुकताच आला. त्यातल्या साजूक तुपाबद्दल आमची तक्रार नाही. पण लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन ती रोज पाच मिनिटे ओठांवर चोळावी, ही सूचना छापायला नको होती.

चेहऱ्याच्या कातडीवर मृत पेशींचे जे संरक्षक थर असतात, ते ओठांवर फारच कमी असतात. ओठांना घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलग्रंथीही जवळपास नाहीत. म्हणजे ओठ स्वतःचे तेल स्वतः तयार करू शकत नाहीत. वारा कोरडा झाला की सर्वांत आधी ते फुटतात ते याच कारणाने. अशा जागी लिंबाचा रस लावला तर काय होईल? रसाचा पीएच (आम्लतेचे माप, अंक जितका कमी तितके आम्ल जास्त) 2 ते 2.5, त्वचेचा 5 च्या आसपास. या मोजपट्टीवर एकेक अंक म्हणजे दहापट, तेव्हा रस त्वचेपेक्षा शेकडो पट आम्ल झाला. त्यात साखरेच्या कडा धारदार. चोळल्यावर ओठ लालसर दिसतात ते गुलाबी झाले म्हणून नव्हे, सोलवटले म्हणून. सोलवटलेली कातडी भरून येताना आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या वर्णात बहुधा काळसर डाग ठेवून जाते.

दुसरा धोका उन्हाचा. लिंबाच्या रसात, त्याहून अधिक सालीत, असे घटक असतात की ते अंगाला लागलेले असताना ऊन पडले तर कातडी भाजते. एक-दोन दिवसांत लाली, कधी फोड, आणि मागाहून आठवडेच्या आठवडे न जाणारा तपकिरी पट्टा. रस पसरून वरच्या ओठाच्या कडेला आणि हनुवटीवर येतो, त्यामुळे डागही तिथेच पडतात. ओठ उजळायला गेलेली मुलगी महिनाभर तोंडावर ओढणी घेऊन फिरते.

मुळात ‘गुलाबी’ या शब्दाचाच विचार व्हायला हवा. ओठांचा रंग पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तावर आणि त्यात किती रंगद्रव्य आहे यावर ठरतो. जन्मापासून तपकिरी असलेले ओठ निरोगीच असतात, ते कशानेही गुलाबी होणार नाहीत. विडी-सिगारेटने, मशेरीने किंवा सतत चाटण्याने काळवंडलेले ओठ मात्र ती सवय सुटल्यावर काही महिन्यांत बरेच निवळतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. ‘दातांसाठी लावते’ म्हटल्याने तिचा गुण बदलत नाही, आणि तिथे प्रश्न रंगाच्या फार पुढचा, कर्करोगाचा आहे.

मऊपणा मात्र प्रत्येकाच्या हातात आहे, आणि त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: आधी पाणी, मग त्यावर स्निग्ध झाकण. क्रम महत्त्वाचा. कोरड्या ओठांवर तूप फासले तर कोरडेपणावरच झाकण बसते. स्वच्छ सुती फडके कोमट पाण्यात पिळून दोन मिनिटे ओठांवर ठेवावे, टिपावे (पुसू नये), आणि ओलसरपणा असतानाच तुरीच्या दाण्याएवढे तूप, लोणी किंवा तेल बोटाने थापावे. रात्री निजताना थर जाड हवा. दिवसा दात घासल्यावर, जेवणानंतर आणि बाहेर पडताना पुन्हा. नाक चोंदून तोंडाने श्वास घेणाऱ्याचे ओठ सकाळी हमखास फुटलेले असतात, त्याने आधी नाकाकडे पाहावे. निघालेले सालपट दाताने किंवा नखाने ओढू नये, ओढले की शेजारची चांगली कातडीही घेऊन येते आणि रक्त निघते. ओल्या फडक्याने ते मऊ करून, लोंबत असेल तेवढेच छोट्या कात्रीने कापावे.

या कामाला आपल्या कोकणात जी वस्तू पूर्वापार आहे, तिचा उल्लेख लेखात नव्हता याचे आश्चर्य वाटले. कोकमतेल, म्हणजेच भिरंडेल. आमसुले केल्यावर उरलेल्या बिया धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, टरफल काढून कुटतात आणि तो कूट पाण्यात उकळतात. रात्रभर निवू दिले की वर पांढुरकी साय धरते. ती काढून पुन्हा मंद आचेवर तापवतात, पाणी आटले की वड्या किंवा मुठीने दाबलेले गोळे करतात. बीच्या वजनाचा सुमारे पाव भाग तेल असते. ते साधारण 40 अंशांना वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेहून थोडे वर. म्हणून तो गोळा एप्रिलातही घट्ट राहतो आणि ओठांवरून सहजी ओघळत नाही. पण त्याच कारणाने तो नुसता फिरवला तर ओठ खरवडतो. गोळा तळहातावर घासून बोटाला लागेल तेवढेच घ्यावे, नाहीतर त्याचे मलम करून ठेवावे.

मलमासाठी कोकमतेल 10 ग्रॅम, खोबरेल 20 ग्रॅम, मधमाशीचे मेण 5 ग्रॅम. मेणबत्तीचे मेण चालणार नाही. मेण किसून कोकमतेलासोबत कोरड्या वाटीत घ्यावे आणि वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. थेट आचेवर नको, तेल करपते. मेण 62 ते 65 अंशांना विरघळते, तेवढा धीर धरावा. मग खोबरेल घालून ढवळावे. थेंबभर गार चमच्यावर टाकून पाहावे: बोटाने दगडासारखे लागले तर चमचाभर खोबरेल वाढवावे, पाघळले तर चिमूटभर मेण. लहान डब्यांत ओतून लगेच फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. सावकाश निवले तर कोकमतेलाचे कण धरतात आणि मलम रव्यासारखे लागते. तसे झालेच तर पुन्हा वितळवून भरभर गार करावे, टाकून देऊ नये. वाटी, चमचा, डबी यांत पाण्याचा एक थेंबही नको, बुरशी तिथूनच सुरू होते. खवट वास येईपर्यंत, साधारण सहा महिने, हे मलम टिकते.

यात रंगासाठी बीटचा रस घालावा असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. तसे लिहिणाऱ्यांनी एकदा करून पाहावे. बीटचा रंग पाण्यात विरघळणारा, तेलात मिसळतच नाही. मलमात लाल ठिपके पडतात आणि चार-आठ दिवसांत त्याला वास येतो. रंग हवाच असेल तर ताज्या रसाचे दोन थेंब ओठांना लावून मिनिटभर वाळू द्यावेत आणि वरून मलम. दोन-तीन तास टिकतो, पुढच्या चहाला जातो. कायमचा रंग वगैरे काही नाही.

ओठ फुटू नयेत म्हणून बेंबीत तेल घालण्याबद्दलही लिहायला हवे. नाळेच्या रक्तवाहिन्या जन्मानंतर बंद होतात, बेंबीतून ओठांपर्यंत जाणारी वाट शरीरात नाही. तेल घालून कोणाचे वाईट होत नाही, पण तेच बोट आधी ओठांवर फिरवलेले बरे. मध चालतो, दहा मिनिटांनी धुवावा (रात्री ठेवला तर मुंग्या), आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठांना मुळीच लावू नये. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत ओठातलेच पाणी ओढते. एक भाग ग्लिसरीनला दोन-तीन भाग गुलाबपाणी घ्यावे आणि वर तुपाचे बोट फिरवावे. कापूर, पुदिना, दालचिनीचे मलम चुरचुरते म्हणजे गुण देते असे नाही. ती चुरचुर दाह असते.

पथ्य पाळूनही ओठ बरे होत नसतील तर कारण दुसरीकडे शोधावे. लहान मुलांच्या तोंडाभोवती लाल वळे दिसले की मूल ओठ चाटते असे समजावे. लाळ वाळताना पाणी घेऊन जाते आणि तिच्यातली पाचक द्रव्ये कातडीला लागतात. टूथपेस्टचा फेस ओठांवर वाळू देऊ नये. पेस्ट बदलल्यावर त्रास सुरू झाला असेल तर जुनीवर परत यावे. उन्हाळ्यात आंबा चोखून खाणाऱ्यांना ओठाच्या कडेला पुरळ येते ते चिकामुळे. देठाकडचा भाग कापून चीक काढून टाकावा, आंबा पाण्यात घालून ठेवावा आणि खाल्ल्यावर तोंड लगेच धुवावे.

ऊन ही तेलाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. खालचा ओठ उन्हाला सरळ सामोरा असतो. शेतावर, होडीवर किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांना एसपीएफ 30 चे ओठांचे मलम आणि पदर, उपरणे किंवा रुंद काठाची टोपी लागते. कोकमतेलाला ‘नैसर्गिक सनस्क्रीन’ म्हणून विकतात, त्यावर विसंबू नये.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडून पंधरा दिवस हटत नसतील तर लोह किंवा बी-2, बी-12 ही जीवनसत्त्वे यांची कमतरता, बुरशी किंवा सैल झालेली कवळी यांपैकी बहुधा काहीतरी असते. तिथे तूप लावत बसण्यात अर्थ नाही, रक्ततपासणी करावी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनची गोळी चालू असलेल्यांचे ओठ बहुतेक फुटतातच, त्यांनी डॉक्टरांना सांगून मलम वाढवावे. खालच्या ओठावर न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा खरबरीत जागा तीन आठवडे राहिली, तर घरगुती उपाय थांबवून दाखवायला जावे. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एवढी वाटही पाहू नये.

पुढच्या पुरवणीत जागेअभावी हे सगळे छापता आले नाही तरी चालेल. लिंबू-साखरेची सूचना मागे घेतल्याची दोन ओळींची चौकट तेवढी द्यावी, ही विनंती.

आपले,
औषधनिर्माणशास्त्राचे दोन शिक्षक
सिंधुदुर्ग